दोन पट्ट्या, दोन वाट्या

टेबलावर चार स्क्रू होते, एक स्क्रूड्रायव्हर, कॅबिनेटचा काढलेला पत्रा, लिंबाएवढा धुळीचा गोळा, जुन्या रॅमची एक पट्टी आणि नव्या रॅमच्या दोन. स्क्रू पाच असायला हवे होते. पाचव्यासाठी बिट्टी टेबलाखाली शिरली, खोलीभर रांगली, आणि शेवटी तो आतोबांच्या चपलेत सापडला.

"मिळाला ना? मग आता होतं तसं लावून टाक सगळं," आतोबा आरामखुर्चीतून म्हणाले. "चालत्या यंत्राला हात लावू नये."

"ते चालत नव्हतं, आतोबा. म्हणून तर उघडलंय."

"रांगत होतं. रांगणाऱ्याचं कोणी पोट फाडतं का?"

"तुम्ही गप्प बसा हो," आत्या म्हणाली. "बिट्टी, तू कर गं तुझं."

कॉम्प्युटर आत्याचा होता. गेली वीस वर्षं ती कापडगिरणीसाठी नक्ष्या बनवत होती. सुरुवातीला चौकटीच्या कागदावर रंग भरून, मग कॉम्प्युटरवर. स्क्रीनवरचा एक ठिपका म्हणजे मागावरचा एक धागा. ठिपका चुकला की धागा चुकला, आणि धागा चुकला की तो शेकडो मीटर चुकतच जाणार. बिट्टी ही तिच्या भावाची मुलगी. पदवी हातात पडल्यावर तिला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि प्रयोगशाळा आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती म्हणून ती इथेच राहायला आली.

या वेळचं काम मोठं होतं. एका नाट्यगृहाचा दर्शनी पडदा: निळ्या जमिनीवर पांढरी वेल. नक्षी जिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्या लांबीला आत्या रिपीट म्हणायची. चादरीचं रिपीट वीतभर असायचं. या पडद्याचं चौसष्ट सेंटिमीटर होतं. फाइल इतकी जड की जुन्या रॅमवर ती उघडायलाच तयार नव्हती.

त्यात गिरणीचे मालक बदलले होते. नक्ष्यांचं सगळं काम एका मोठ्या डिझाइन ऑफिसला देऊन टाकावं, असं नव्या मालकांच्या मनात होतं. विणकाम खात्याचे मास्तर आत्याच्या बाजूने उभे राहिले होते, पण त्यांचाही आवाज फोनवर जरा खालचाच होता.

"ताई, मी त्यांना म्हटलंय, हा एक पडदा ताईंना करू द्या आणि मग काय ते ठरवा. पुढच्या सोमवारी सकाळी फाइल माझ्या हातात हवी. आली तर माझ्या शब्दाला वजन. नाही आली तर मग मी तरी कुठल्या तोंडाने बोलू?"

"येईल, मास्तर," आत्या म्हणाली होती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसली. वीस वर्षं त्या बोटांनी दुसरं काही केलेलं नव्हतं.

त्या शनिवारी बिट्टीने दोन्ही नव्या पट्ट्या बसवल्या. यंत्रात रॅमसाठी दोन खाचा होत्या, एक पंख्याजवळची आणि एक कडेची. फाइल उघडली. आत्याने अख्खी वेल पहिल्यांदाच एका नजरेत पाहिली आणि लगेच नाक मुरडलं. "अगं बाई, ही तर डावीकडे कललीय!" ती कामाला लागली. अर्ध्या तासाने स्क्रीन निळा पडला आणि यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

रविवारी तेच. सोमवारी तर आत्या पान रंगवते न रंगवते तोच निळं.

"नव्याचे नऊ दिवस ऐकलं होतं," आतोबा म्हणाले. "तुमचे नऊ तासही भरले नाहीत."

बिट्टी चिडली नाही. उलट तिला बरं वाटलं, कारण चूक ठरावीक जागीच असणार होती. पट्टी पहिली, पट्टी दुसरी, खाच पहिली, खाच दुसरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. तपासणीचा प्रोग्राम तिने पेनड्राइव्हवर आणला. तो रॅमचा कोपरान् कोपरा भरून, पुन्हा वाचून बघायचा. जुळलं नाही की स्क्रीनवर एक लाल ओळ. पूर्ण फेरीला काही तास लागत. घरातली माणसं झोपल्यावर कुठलंही यंत्र चालू राहता कामा नये, हा आत्याचा दंडक होता. म्हणून बिट्टीने बेत आखला तो असा: संध्याकाळी पट्टी बसवून ठेवायची, सकाळी कामावर निघताना बटण दाबायचं, आणि परत आल्यावर निकाल वाचायचा.

तिने स्वयंपाकघरातून काचेच्या दोन वाट्या आणल्या. एकीवर '१' अशी चिठ्ठी चिकटवली, दुसरीवर '२'. दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणींसारख्या. आपापल्या वाटीत ठेवल्यावर त्यांत गोंधळ व्हायचं काही कारण नव्हतं.

आत्या शेजारी उभी राहून सगळं बघत होती. "हे काढायचं कसं असतं?"

"आधी यंत्र बंद. मग मागची वायर काढायची. मग या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज त्यात उतरते. मग दोन्हीकडच्या क्लिपा दाबायच्या. बघ, आली वर."

"एवढंच?" आत्या म्हणाली. "कुकरचं झाकण याहून जास्त छळतं."

आत्याच्या घरात एक रीत होती, आणि तिथे राहून राहून बिट्टीला ती दिसेनाशी झाली होती. कुठलीही एकच वस्तू सारखी राबता कामा नये. घासलेली ताटं चळतीच्या वर नाही, तळाशी जायची, म्हणजे प्रत्येकाला उसंत मिळायची. खुर्च्यांवरच्या उशा रोज सकाळी जागा बदलायच्या. चपलांचे दोन जोड, आज एक तर उद्या दुसरा. पायपुसणी एक दिवस या टोकाने, एक दिवस त्या टोकाने. सगळ्या घराच्या आधी उठून आत्या ही फेरी मारायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. आतोबा आल्यागेल्याला सांगायचे, "नशीब, नवरा एकच आहे. नाहीतर एक दिवसाआड मलाही फळीवर ठेवलं असतं."

मंगळवारी बिट्टी कामावरून आली तेव्हा १ची फेरी पूर्ण झाली होती. लाल ओळ एकही नव्हती. तिने ती पट्टी काढून १च्या वाटीत ठेवली आणि २च्या वाटीतली त्याच, पंख्याजवळच्या खाचेत बसवली. बुधवारी संध्याकाळी बघते तर २ची फेरीही स्वच्छ.

"म्हणजे दोघीही निर्दोष," तिने जाहीर केलं.

"मग यंत्राला काय भूतबाधा झालीय?" आतोबा म्हणाले.

"खाच. कडेची खाच. उद्या हीच पट्टी तिथे लावून बघते. लाल झालं की खाच पकडली."

गुरुवारी संध्याकाळी स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस पडला होता. बिट्टीला इतका आनंद झाला, की तिने बॅग खांद्यावरून न उतरवताच आत्याला हाक मारली.

"आत्या, सापडलं! पट्टी तीच. पंख्याजवळ नीट चालते आणि कडेला बिघडते. म्हणजे पट्टीत काही नाही, खाच गेलीय."

"मग आता?"

"कडेच्या खाचेत काही लावायचंच नाही. एकच पट्टी पंख्याजवळ लावून काम कर. फाइल जरा सावकाश उघडेल, पण उघडेल. मदरबोर्डचं नंतर बघू."

"आणि दुसरी पट्टी नुसती पडून राहणार?"

"राहू दे की. राखीव."

आत्याने वाटीत पडलेल्या पट्टीकडे पाहिलं आणि "बरं" म्हटलं. तिचं बरं हे नेहमीच होकारार्थी नसायचं, पण बिट्टी तेव्हा पट्टी पंख्याजवळ हलवण्यात गुंतली होती.

शुक्रवारी यंत्र एकदाही कुरकुरलं नाही. आत्याने वेल सरळ केली, पानांना शिरा काढल्या, संध्याकाळी स्वतःहून आतोबांना दोनदा चहा दिला. आतोबा म्हणाले, "बिट्टे, मान गये. तुझ्या प्रयोगशाळेत माझंही पाणी तपासून घे एकदा."

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. सकाळी एक नमुने गोळा करणारा माणूस विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. बिट्टीने एक बाटली उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"दादा, चिठ्ठ्या झाकणांवर लावल्यात तुम्ही."

"मग? वाचता येतायत ना, मॅडम?"

"येतायत. पण दोन बाटल्यांची झाकणं एकदम काढली आणि उलटसुलट लागली, तर? कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या गावाने प्यायचं? चिठ्ठी बाटलीला लावायची असते."

"कोण कशाला उलटसुलट लावेल?"

"कोणीही. मुद्दाम नाही लावणार कोणी. पण लागतं."

दादा कुरकुरत बाटल्या परत घेऊन गेला. बिट्टी आपल्या स्टुलावर बसली आणि बसलीच. पहिल्या आठवड्यात तिला इथे शिकवलेला पहिला नियम हा, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती तोच पाठ करून दाखवायची. घरी मात्र तिने चिठ्ठ्या वाट्यांना लावल्या होत्या.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती. स्क्रीन निळा होता.

"सकाळपासून पाचव्यांदा," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आणि हे बघ." तिने यंत्र पुन्हा सुरू करून फाइल उघडली आणि वेलीतलं एक पान मोठं केलं. पांढऱ्या पानाच्या मधोमध एक लाल ठिपका होता. "हा माझा नाही. या पडद्यात लाल रंगच नाही. वर आणखी दोन आहेत, आणि न दिसलेले किती असतील कोण जाणे. अशी फाइल पाठवली तर मास्तरांचं हसं होईल. न पाठवली तरी होईल."

"पण पंख्याजवळची खाच तर चांगली होती," बिट्टी म्हणाली. "मंगळवारी चांगली, बुधवारी चांगली, काल चांगली."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस म्हणायची," आतोबा म्हणाले. मग आत्याचा चेहरा बघून त्यांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

एक रविवार हातात उरला होता. बिट्टीने आणखी कुठलीही पट्टी हलवली नाही. यंत्रात होती तिच्या कडेला एक बारीक चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर '१' लिहिलं. वाटीतलीला '२' लावली. पुढे काय करायचं ते सकाळी ठरवू, म्हणून ती झोपायला गेली.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती यंत्रासमोर बसली आणि उघड्या बाजूने आत डोकावली. पंख्याजवळच्या खाचेत चिठ्ठी होती. तिच्यावर '२' होतं.

तिने कप खाली ठेवला. वाटीत पाहिलं. वाटीत '१'.

"आत्या," ती म्हणाली, "यंत्राला कोणी हात लावला?"

"मी," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "का गं?"

"कधी?"

"आत्ताच, उठल्यावर. उशा फिरवल्या, मग ती फिरवली. रोजच करते."

"रोज?"

"म्हणजे तू सुट्या करून ठेवल्यास तेव्हापासून. एक आपली दिवसभर राबतेय आणि दुसरी वाटीत लोळतेय, हे काही बरं दिसेना मला. म्हटलं, आज ही तर उद्या ती." आत्या हात पुसत दारात आली. "अगं, तू दाखवलंस तस्संच केलंय हो. वायर काढली, पत्र्याला हात लावला, मग क्लिपा दाबल्या. चुकलं का काही?"

आतोबांचं वर्तमानपत्र हलायला लागलं. त्यामागे ते हसत होते.

"हसू नका," बिट्टी म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. "आत्या, एकही सकाळ चुकवली नाहीस ना? नीट आठव."

"मी चुकवते होय?"

हे मात्र खरं होतं. आत्याची फेरी पंचांगासारखी होती. बिट्टीने एक कागद ओढला आणि उलटी मोजणी सुरू केली.

"आज २ आहे. म्हणजे काल १ होती, आणि काल दिवसभर निळं. परवा, शुक्रवारी, २. यंत्र झकास. गुरुवारी १, लाल पाऊस. खाच बिचारी फुकट बदनाम झाली. बुधवारी..." ती थांबली. "बुधवारच्या आदल्या संध्याकाळी मीही बदलली होती. मी बदलली, सकाळी तू बदललीस. म्हणजे जी होती तीच परत आली. मंगळवारी २, बुधवारी पण २. आत्या, दोघींना सारखं काम म्हणत म्हणत आपण दोघींनी मिळून एकीलाच दोन दिवस जुंपलं!"

"आणि दुसरी?"

"दुसरी लोळत होती. निर्दोष सुटून."

आत्याने वाटीतली पट्टी उचलून उजेडात धरली. "दिसायला तर दोघी सारख्याच आहेत गं."

"म्हणूनच मी नावं पट्टीवर लिहायला हवी होती."

"आणि मी विचारायला हवं होतं," आत्या म्हणाली आणि पट्टी वाटीत टाकून खुर्ची पुढे ओढली. "आता ही २ आहे ना यंत्रात? चांगली आहे ना? मग ऊठ. मला बसू दे."

आत्याने त्या दिवशी शुक्रवारची, वेगळी जपून ठेवलेली फाइल पुन्हा उघडली. शनिवारचं काम तिने सरळ टाकून दिलं. "ज्या दुधात माशी पडली ते गाळून कोण पिणार?" असं म्हणून ती पहिल्या पानापासून चालायला लागली. बिट्टी शेजारी बसून तिच्याबरोबर ओळीमागून ओळ बघत होती. शुक्रवारच्या फाइलमध्ये परका ठिपका सापडला नाही. आतोबांनी भाताचा कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले, आणि तिघांनीही मुकाट्याने गिचका भात खाल्ला. उन्हं कलायच्या सुमाराला वेलीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जाऊन भिडलं. यंत्र दिवसभर एकदाही निळं झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी फाइल गेली. उशा फिरल्या, ताटं फिरली. पट्टी जागची हलली नाही. आत्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं, पण हात मागेच ठेवले.

१ची पट्टी बिट्टीने दुकानात नेली. दुकानदाराने ती आपल्या यंत्रात लावली, पाच मिनिटांत लाल ओळी बघितल्या आणि नवी काढून दिली. "जोडीतली एक अशी निघते कधीकधी," तो म्हणाला. "पण कुठली ते लोकांना कळत नाही. दोन्ही घेऊन येतात आणि मलाच विचारतात." नवी पट्टी खिशात घालण्याआधी बिट्टीने तिथेच, काउंटरवर, तिच्यावर '३' अशी चिठ्ठी लावली.

२ आणि ३ शेजारी शेजारी बसल्या. फेरी स्वच्छ निघाली. मग आत्याने विचारलं, "आता कधीच नाही का बदलायच्या?"

"जागा बदलल्याने त्यांना काही आराम मिळत नाही, आत्या."

"त्यांना नसेल. मला मिळतो."

बिट्टीने विचार केला. "मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. चिठ्ठ्या वाचून. आणि मला सांगून."

"सांगून," आत्या कबूल झाली.

पुढच्या आठवड्यात गिरणीतून एक गठ्ठा आला. वर पडद्याच्या कापडाचा विणलेला नमुना होता, खाली कागदाच्या गुंडाळीत दुसऱ्या एका कापडाचं कच्चं रेखाटन, आणि मास्तरांचा निरोप: नमुना तपासून आजच कळवा, म्हणजे उद्या माग सुरू करतो, आणि मालक विचारतायत की खालचं काम ताई कधीपर्यंत देतील.

आत्याने रेखाटन बाजूला ठेवलं. जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं, फडकं मारलं आणि नमुना पसरला. आतोबांनी दुसरं टोक ताणून धरलं. बिट्टीने प्रयोगशाळेतून आणलेलं भिंग घेतलं आणि एका कडेपासून दुसरीपर्यंत पान अन् पान बघत गेली, मग कापड उलटवून मागच्या बाजूने. मग आत्याने वेलीच्या पहिल्या पानाच्या टोकावर टेपचं शून्य धरलं आणि तेच पान पुन्हा येतं तिथवर टेप ओढली.

लांबी चौसष्ट सेंटिमीटर. परका ठिपका एकही नाही.